भिंतीजवळची ओळ

"हात लावू नको त्याले, पह्यले पाहू दे!" आचल ओरडली, तसा श्यामनं हात मागे घेतला.

टमाट्याची चांगली पसरट पानं दोरीसारखी पिळली होती. भेंडीची तर कोंबडीच्या पंजासारखी झाली होती. परीक्षा संपल्यापासून तिघं वलगावच्या या परसबागेत राबत होती. घर आचलचं. श्याम तिचा आतेभाऊ, अकोल्याहून सुट्टीला आलेला. आकांक्षा गल्लीतली मैत्रीण. त्यांनी वाफे बांधले, आळी केली, चैत्राच्या उन्हानं माती तडकू नये म्हणून गव्हाचा भुसा अंथरला, काकडीला मांडव घातला. बी दिलं होतं शेजारच्या पार्बताबाईनं, आणि वाफा कसा बांधायचा तेही तिनंच दाखवलं होतं. झाडांना नुकती फुलं लागली होती, आणि आता हे असं!

आचलच्या मोठेबाबांनी, म्हणजे थोरल्या काकांनी, जानरावांनी, उभ्या उभ्या निकाल देऊन टाकला. पार्बताबाई टोपली घेऊन गावात भाजी विकते. पोरांची भाजी निघाली तर आपली खपणार नाही, म्हणून तिनंच मधल्या भिंतीवरून काहीतरी ओतलं, असं त्यांचं म्हणणं. बरं, घरात बोलून थांबावं ना माणसानं! ते चौकात जाऊन चार लोकांत बोलले. उचलली जीभ, लावली टाळ्याला. दुसऱ्या दिवसापासून बायका पार्बताबाईला पाहून दार लोटू लागल्या. तिचा पालक टोपलीतच सुकून घरी परत यायला लागला.

आचलला रडूच यायचं. श्यामनं लगेच जाहीर केलं, की ही केस आता त्याच्याकडे आहे. आकांक्षानं विचारलं, मागच्या सुट्टीत स्वतःची चप्पल तरी सापडली होती का याला?

गंमत म्हणजे शोध लावला तो आकांक्षानंच. भिंतीजवळची वांग्याची ओळ तिनं दोनदा निरखून पाहिली. ती हिरवीगार होती.

"भिंतीवरून ओतलं असतं, तर पह्यले भिंतीजवळचं मेलं असतं ना?" ती म्हणाली.

तिघं पळतच दुसऱ्या टोकाला गेली. सगळ्यात वाईट हाल फाटकाजवळच्या झाडांचे होते. मग आचलला आठवलं. झाडांवर माव्याची कीड पडली म्हणून मोठेबाबांनीच पाठीवर पंप घेऊन फवारणी केली होती. सुरुवात फाटकापासून केली आणि भिंतीपाशी पोचायच्या आत औषध संपलं. त्याच पंपानं आदल्या दिवशी त्यांनी संत्र्याच्या बागेतलं गाजरगवत मारलं होतं, तणनाशक घालून. पंप धुतला होता का? श्याम गोठ्यात ठेवलेला पंप हुंगून आला आणि नाक धरूनच परतला.

पण मोठ्यांपुढे नुसतं बोलून भागत नाही. पोरांनी नाकातोंडाला फडकी बांधली, हातांत पिशव्या चढवल्या. टमाट्याच्या रोपांच्या दोन कुंड्या घेतल्या. एकीवर पंपात खळबळलेलं पाणी शिंपडलं, दुसरीवर नळाचं. दोन्ही गच्चीवर दूर दूर ठेवल्या आणि वाट पाहिली. पंपाच्या पाण्याचं रोप हळूहळू पिळत गेलं. दुसरं मजेत वाढत होतं.

रोप पुरतं पिळलं, त्या दिवशी ओट्यावर माजी सरपंच सूर्यभानजी चहाला आले होते. आचलनं पिळलेली कुंडी मोठेबाबांसमोर ठेवली आणि भोळ्या चेहऱ्यानं विचारलं, यावर कोणी ओतलं असेल?

"दुसरं कोन? त्याच बाईनं," मोठेबाबा म्हणाले.

"हे कुंडी गच्चीवर होती. याच्यावर फक्त तुमच्या पंपातलं पानी पडलं."

मग तिघांनी सगळं सांगितलं. मोठेबाबांचा चेहरा उतरला, पण क्षणभरच. सूर्यभानजींनी पोरांची पाठ थोपटली, अशी पोरं गावाचं नाव काढतील म्हणाले. लगेच मोठेबाबाही हसायला लागले. आमच्याच घरची अक्कल आहे ती, म्हणाले.

आचल हसली नाही. हेच आता चौकात सांगा, असं तिनं त्यांना म्हटलं. त्यावर त्यांनी हात झटकला. झालं गेलं, आता त्या बाईपुढे नाक घासू का, म्हणाले, आणि पोरांना खेळायला पिटाळलं. संताप आला आचलला. स्वतःच्या माणसाची इतकी लाज तिला कधी वाटली नव्हती.

तिघं पार्बताबाईकडे गेली. ती अमरावतीच्या बससाठी टोपली भरत होती. तिथल्या बाजारात तिला कोणी ओळखत नव्हतं. तिनं सगळं ऐकून घेतलं.

"तुमी लेकरं गुनाचे आहा," ती म्हणाली. "पन तुमच्या सांगन्यानं मले कोनी दार उघडनार नाही. ज्यानं चौकात म्हटलं, त्यानंच चौकात येऊन सांगावं."

पोरांनी तिच्या डोक्यावर टोपली चढवून दिली. ती रस्त्यानं दिसेनाशी झाली, तेवढ्यात ओट्यावरून मोठेबाबांची हाक आली. आणखी पाहुणे आले होते आणि त्यांना घरची हुशार पोरगी दाखवायची होती.

"तुमी पह्यले चौकात जाऊन या," आचल रस्त्यातूनच म्हणाली, "मंग मी येतो."

ओट्यावरचं हसणं थांबलं. चौकाकडे मात्र कोणीच गेलं नाही.