डोक्यातली हजेरी

डॉ. नजमा मुल्ला यांनी कानामागे चिकटवायची पातळ पट्टी टेबलावर ठेवली. यशोधन गुर्जर यांनी तिला हातही लावला नाही. ती अचूक आहे का, एवढंच त्यांनी विचारलं.

गुर्जर हे 'ऊर्ध्वपथ' कंपनीचे मनुष्यबळ प्रमुख. साताऱ्यातून यवतेश्वरच्या पठारावर जाणारा रज्जुमार्ग ही कंपनी बांधत होती. हजेरी, पगार, रजा, नेमणूक आणि बडतर्फी या सगळ्यावर गुर्जरांची सही लागे. नजमांच्या प्रयोगशाळेत ते सहसा फिरकत नसत.

"अचूक आहे," नजमा म्हणाल्या, "पण ती काय मोजते ते आधी ऐकून घ्या. माणूस एखाद्या प्रश्नात महिनोन्महिने बुडाला की त्या प्रश्नाचा मेंदूत एक ठरावीक ठसा तयार होतो. मी त्याला कार्यमुद्रा म्हणते. त्या प्रश्नावर विचार सुरू झाला की मुद्रा जागी होते, विचार थांबला की मावळते. पट्टीला तेवढंच कळतं; मुद्रा जागी असेपर्यंत तिच्यावरचा हिरवा दिवा लागलेला असतो. माणूस कुठे बसलाय, जागा आहे की झोपलाय, हे तिला कळत नाही."

"मला तेवढंच हवंय. खुर्च्या उबवण्याचा पगार आम्ही देणार नाही."

नजमांनी त्यांना सावध करायचा प्रयत्न केला. कामाची ही व्याख्या एकदा मान्य केली की ती दोन्ही बाजूंनी लागू होईल, असं त्या म्हणाल्या. कायद्याचं आपण पाहून घेऊ, असं सांगून गुर्जर निघून गेले.

महिनाभरात सेवानियमांत नवं कलम आलं. कार्यमुद्रा जागी असेल तेवढाच वेळ कामाचा धरला जाईल आणि कामाचा दुसरा कोणताही पुरावा चालणार नाही. कामगार आयुक्तालयाने त्याला मंजुरी दिली. पगार झाले तेव्हा सर्वांत मोठी कपात प्रज्ञा सोनटक्के हिची झाली होती.

प्रज्ञा डब्याची दोरावरची पकड तयार करणारी अभियंता. आडव्या वाऱ्याचा झोत आला की ती पकड सैल होई. चाचणीत एक रिकामा डबा दरीत कोसळला होता. तेव्हापासून ती त्या एकाच प्रश्नामागे लागली होती. पण कार्यालयात दिवसभर बैठका आणि फोन चालत, त्यामुळे तिथे तिची मुद्रा क्वचितच जागी होई. ती दाद मागायला गेली तेव्हा गुर्जरांनी तिला बसायलाही सांगितलं नाही. दोन कारकुनांसमोर ते म्हणाले की तुमचं डोकं कंपनीत नसतं, यंत्र खोटं बोलत नाही. मग पट्टी मला घरी नेऊ द्या, असं ती म्हणाली. पट्टी ही कंपनीची मालमत्ता आहे, असं उत्तर मिळालं.

तिने कामगार आयुक्तालयात तक्रार केली. अपर आयुक्त सुहासिनी डोईफोडे या मोजकं बोलणाऱ्या बाई. कामाला जर हाच एक पुरावा असेल तर तो दिवसरात्र घ्यावा लागेल, असा आदेश त्यांनी दिला. गुर्जरांसकट कंपनीतल्या प्रत्येकाच्या कानामागे कायमची पट्टी आली.

प्रज्ञाची मुद्रा आंघोळ करताना जागी होई, भाकऱ्या थापताना जागी होई, आणि झोपेत तर सर्वांत तीव्र असे. ती सकाळी दमलेलीच का उठते, हे तिच्या आईला तेव्हा समजलं.

आता झोपेचाही पगार द्यायची वेळ आली. गुर्जरांनी कायदा पुन्हा वाचला आणि आठवड्याच्या कामाच्या मर्यादेवर बोट ठेवलं. मर्यादा ओलांडणाऱ्याला कामावर घेणं बेकायदा होतं. आठवडा अर्धा सरला की प्रज्ञाला फाटकावरच अडवलं जाऊ लागलं. तरीही मुद्रा थांबेना, तेव्हा त्यांनी तिला बडतर्फ केलं. रखवालदाराने तिचं ओळखपत्र काढून घेतलं. एकही सहकारी बाहेर आला नाही.

पट्टी मात्र नजमांनी तिच्याकडेच राहू दिली. नोकरी गेल्यावर मुद्रा कधी मावळते ते त्यांना पाहायचं होतं. प्रज्ञालाही ती मावळायला हवी होती. ती कराडला बहिणीकडे जाऊन राहिली, भाचीला गणित शिकवू लागली, संध्याकाळी नदीवर फिरू लागली. पण डोळा लागला की वारा सुटे आणि दोरावर डबा हेलकावे खाऊ लागे. असे सहा महिने तिला एकही धड झोप मिळाली नाही. मग एका पहाटे उत्तर घेऊनच ती जागी झाली. पकड घट्ट करायची नव्हती, तिला वाऱ्याबरोबर किंचित वळू द्यायचं होतं. तिने आराखडा काढला आणि आपल्या नावावर नोंदवायला दिला.

ही बातमी कळताच गुर्जर दोन वकील घेऊन डोईफोडे यांच्यासमोर उभे राहिले. बडतर्फीला काही अर्थच नव्हता, असं त्यांचं म्हणणं. कलमाप्रमाणे मुद्रा जागी म्हणजे माणूस कामावर. पट्टीच्या नोंदींनुसार सोनटक्के सहाही महिने कंपनीचंच काम करत होत्या, म्हणून आराखडा कंपनीचा. हे त्यांनी शपथेवर सांगितलं, आणि सांगताना प्रज्ञाकडे पाहून हसले.

प्रज्ञाला काही हरकत आहे का, असं डोईफोडे यांनी विचारलं. ती नाही म्हणाली. शेजारी बसलेल्या नजमांनी चमकून तिच्याकडे पाहिलं.

"मग आराखडा कंपनीचा," डोईफोडे म्हणाल्या. "गुर्जर, म्हणजे सहा महिने या बाई तुमच्याकडे नोकरीत होत्या. आणि तुमच्याच शपथेप्रमाणे या काळात त्यांना एक साप्ताहिक सुट्टी नाही, एका रात्रीची विश्रांती नाही. कामाचे तास आणि विश्रांती यांची जबाबदारी कंपनीत कोणाच्या नावावर आहे?"

एका वकिलाने गुर्जरांच्या बाहीला हात लावला, पण आता उशीर झाला होता. जबाबदार अधिकारी म्हणून गुर्जरांनी स्वतःच सही केली होती. हा फौजदारी गुन्हा होता आणि त्याचा पुरावा त्यांनीच शपथेवर दिला होता. डोईफोडे यांनी खटला भरण्याचा आदेश दिला. प्रज्ञा आजही कंपनीची नोकर आहे का, हेही नोंदवायचं असल्याने त्यांनी नजमांना विचारलं.

"नाही," नजमा म्हणाल्या. "उत्तर सापडलं त्या पहाटे मुद्रा मावळली. प्रश्नच उरला नाही, तर ती जागी कशाला राहील?"

बाहेर व्हरांड्यात गुर्जरांनी प्रज्ञाला गाठलं. आजवर त्यांनी तिला अहो-जाहो केलं होतं.

"तू मुद्दाम गप्प बसलीस. लाखमोलाचा आराखडा घालवलास, मला अडकवण्यासाठी."

"रज्जुमार्ग माझ्या गावाचा आहे," प्रज्ञा म्हणाली. "डबा आता पडणार नाही. आराखडा कुणाच्या नावावर आहे याच्याशी मला काय करायचंय? बाकीचं तुम्ही तुमच्या तोंडाने बोललात."

"हे इथे संपत नाही. मी वरच्या कोर्टात जाईन. एकेक मुद्दा खोडून काढीन."

तिने त्यांच्या कानामागच्या पट्टीकडे पाहिलं. तिच्यावरचा बारीक हिरवा दिवा लागलेला होता.

"काढा ना," ती म्हणाली. "मी आता कामावर नाही. तुम्ही आहात."

ती जिना उतरून गेली. कराडच्या बसमध्ये तिला जी झोप लागली, ती वाहकाने हलवून उठवेपर्यंत मोडली नाही.