दोघांत एक जाकीट

होडीत पाय टाकताना गुलनाजनं समोर आलेला हात धरला, तेव्हा तो कुणाचा हे तिनं पाहिलंच नव्हतं. होडी डुलत होती, चपलेला चिखल लागला होता, खांद्यावर अम्मीची जड पिशवी होती, आणि कुणीतरी आधाराला हात पुढं केला होता... एवढंच. फळीवर नीट टेकल्यावर तिनं मान वर केली.

ताबीश.

फोटोतल्यापेक्षा जरा सावळा, जरा उंच, पण तोच. उन्हाळ्यात ज्याचं स्थळ सांगून आलं होतं, आणि एकदाच फोनवर बोलून ज्याला तिनं नकार कळवला होता, तो होटगीचा ताबीश.

"आता हात सोडलात तरी चालेल," तो हळूच म्हणाला. "पडणार नाही तुम्ही."

चटका बसावा तसा तिनं हात मागं घेतला.

दिवाळीची सुट्टी होती. सोलापूरच्या भवानी पेठेत गुलनाजच्या अब्बांचं, मकदूमभाईंचं, चादरींचं दुकान. वर्षभर माणूस दुकानातून हलायचा नाही, पण उजनीचं धरण भरलं की त्यांच्या हाताला खाज सुटायची. गळ टाकून तासन्‌तास पाण्याकडं बघत बसणं हा त्यांचा एकुलता एक शौक. धरण तुडुंब भरलं की करमाळ्याच्या बाजूला एक टेकाड पाण्यात सुटं पडायचं आणि त्याचं बेट व्हायचं. सोमलिंग नावाच्या तिथल्याच एका माणसानं त्यावर चार तंबू ठोकले होते. यंदा अब्बा हट्टानं गुलनाजला आणि अम्मीला, म्हणजे गुलबानोला, घेऊन आले होते. सोमलिंगकडं इंजिनची होडी एकच. त्यामुळं त्या दिवशी आलेली दोन्ही कुटुंबं एकाच होडीत, सोमलिंगनं दिलेली तरंगायची केशरी जाकिटं घालून, गुडघ्याला गुडघा लावून बसली.

ताबीशच्या शेजारी त्याची आई होती, शमशादबी. तिनं गुलनाजकडं एकदाच पाहिलं आणि नजर पाण्याकडं वळवली. ओळख पटल्याशिवाय कुणी असं तोंड फिरवत नाही.

अब्बांना कशाचाच पत्ता नव्हता; स्थळ आलं तेव्हा फोटो त्यांनी धड पाहिलाही नव्हता. ते खुशीत होते.

"कुठले म्हणायचे तुम्ही?"

"होटगी," ताबीश म्हणाला.

"अरे वा. होटगीत कुणाचे?"

ताबीशनं तोंड उघडलं, पण आधी शमशादबीच बोलली, शांतपणे, ओढणी सारखी करत.

"तुम्ही ज्यांना नाही म्हटलंत ना, त्यांचे."

त्यानंतर बेट येईपर्यंत फक्त इंजिन बोलत होतं.

बेट एवढंसं. एका टोकाला शिंकलं तर दुसऱ्या टोकाला ऐकू जावं. स्वयंपाकाचं छप्पर एक, जेवायची चटई एक. दुपारी सगळे एकाच ताटाभोवती बसले, कारण दुसरीकडं बसायला जागाच नव्हती. अब्बा भाकरीचा तुकडा नुसताच फिरवत होते. शमशादबीनं भाकरी मोडून अम्मीच्या पुढं सरकवली आणि म्हणाली, "घ्या की. आमच्या हातचं चालत असेल तर." अम्मीनं घेतली.

गुलनाज अर्धपोटीच उठली आणि काठाला जाऊन बसली. इथं आणखी एक दिवस काढायचा होता. काय चुकलं होतं तिचं? नाही म्हणायचा हक्क होता तिला. सोलापुरातल्या एका रक्ततपासणीच्या लॅबमध्ये ती कामाला होती, काम तिला आवडत होतं. आणि या माणसानं फोनवर पहिलाच प्रश्न काय विचारावा? 'नोकरी सोडणार का तुम्ही?' नाव नाही, गाव नाही... सरळ नोकरी. तिनं 'नाही' म्हणून फोन ठेवला, आणि संध्याकाळी स्थळालाही नाही म्हणून टाकलं.

थोड्या अंतरावर ताबीश गळाला कणकेची गोळी लावत होता. गोळी सारखी निसटत होती. तिनं दोनदा दुर्लक्ष केलं, तिसऱ्यांदा राहवेना.

"एवढी मोठी लावल्यावर पडणारच ती."

"मग केवढी लावायची?"

"मला कशाला विचारता?"

"तुम्हीच बोललात की. मी गप्प होतो." त्यानं गोळीचा निम्मा भाग तोडून टाकला. "फोनवर बोललो ते महागात पडलं. म्हणून आता गप्प बसून बघतोय... जमतंय का."

तिनं चेहरा दुसरीकडं वळवला. हसू येत होतं आणि ते त्याला दिसू द्यायचं नव्हतं.

"बोललात त्यात काय वाईट बोललात, ते तरी कळलंय का?"

"नाही," तो म्हणाला. "सांगाल?"

ती सांगणार, तेवढ्यात मागून अब्बा आले. जेवणावेळची ती भाकरी त्यांना फार लागली असावी. त्यांना काहीतरी सावरायचं होतं आणि सावरायचं कसं ते ठाऊक नव्हतं.

"बेटा ताबीश, वल्हवता येतं?"

"येतं थोडंफार, चाचा."

"मग चल. ती पाण्यातली बाभळीची झाडं दिसतात ना, तिथं चिलापी मासा हमखास लागतो. लहान होडी घेऊ."

सोमलिंग तेव्हा इंजिनची होडी घेऊन पलीकडच्या काठाला गॅसची टाकी आणायला निघाला होता. जाता जाता ओरडून म्हणाला, "जाकिटं घाला बरं का. दुपारच्यानं वारं सुटतंय हितं. लांब जाऊ नगा." अब्बांनी हात हलवला. वल्ही पाण्यात पडली. जाताना ताबीशनं एकदा मागं वळून पाहिलं, आणि गुलनाजनं... नजर खाली घेतली नाही.

वारं आलं ते सांगून नाही आलं. आधी पाण्याचा रंग बदलला. मग तंबूचं कापड फडफडायला लागलं, आणि बघता बघता सबंध धरण उकळल्यासारखं दिसायला लागलं. अम्मी वाळत घातलेले कपडे गोळा करायला धावली. गुलनाज चटई उचलायला गेली, आणि चटईच्या टोकाला, झाडाच्या बुंध्याशी, तिला ते दिसलं.

केशरी जाकीट. जेवताना बसायला खाली घेतलेलं. अब्बांचं.

तिनं ते उचललं. अब्बांना पोहता येत नव्हतं. आयुष्यभर पाण्याकाठी बसलेला माणूस, पण गुडघ्यापेक्षा खोल पाण्यात कधी उतरलेला नाही. होडीत माणसं दोन होती आणि जाकीट एक.

जाकीट हातात घेऊनच ती टेकाडाच्या माथ्याकडं पळत सुटली. फोनला रेंज तिथंच मिळायची. सोमलिंगनं फोन उचलला, पण वाऱ्यात अर्धे शब्द वाहून जात होते.

"...लई लाटा हायत ताई... निघतो, पण निघतो म्हंजे... बाभळीकडंच गेल्यात न्हवं?"

"व्हय, बाभळीकडं. लवकर या."

फोन ठेवून तिनं पाण्याकडं पाहिलं. दूर बाभळीचे शेंडे लाटांत दिसत होते, बुडत होते. आणि त्यांच्या अलीकडं, पालथी पडलेली लहान होडी एकटीच वाहत चालली होती.

मागं कुणाच्या तरी श्वासाचा आवाज आला. शमशादबी धापा टाकत वर आली होती. तिची नजर पाण्यावरच्या त्या पालथ्या लाकडावर खिळली, मग गुलनाजच्या हातातल्या जाकिटावर आली. सगळं तिला कळलं. कुणी काही सांगायची गरजच उरली नाही.

नवरा गेल्यापासून या बाईला ताबीशशिवाय कुणी नव्हतं, हे स्थळ आलं तेव्हाच गुलनाजनं ऐकलं होतं. आता ही आपल्याला काय बोलेल? तुझ्या बापापायी माझा पोरगा गेला, असंच म्हणेल. म्हणू दे. गुलनाज तिच्या शब्दांची वाट बघत उभी राहिली.

"त्यानं स्वतःचं जाकीट काढून तुझ्या अब्बांना घातलं असेल," शमशादबी म्हणाली. आवाज अगदी कोरडा होता. "माझा पोरगा आहे. मला माहीत आहे."

गुलनाजनं हातातल्या जाकिटाकडं पाहिलं.

"त्याचंच भ्या वाटतंय," शमशादबी म्हणाली, आणि मटकन खाली बसली.

गुलनाज तिच्याशेजारी बसली. हात धरावा की न धरावा... तिनं धरला. शमशादबीनं तो झिडकारला नाही. तिचे ओठ हलत होते, दुआ चालली होती. गुलनाजही दुआ मागत होती, आणि मागता मागता तिच्या ध्यानात आलं की ती फक्त अब्बांसाठी मागत नव्हती. दोन नावं होती. आजच ज्याच्याशी धड चार वाक्यं बोलली, त्याचं नाव तिच्या तोंडून असं सुटत होतं, जसं कैक वर्षांचं ओळखीचं असावं.

इंजिनचा आवाज आधी कानावर आला, मग होडी दिसली. लाटेवर चढायची, खाली गडप व्हायची, पुन्हा वर यायची. ती बाभळींत शिरली आणि दिसेनाशी झाली. किती वेळ गेला कोण जाणे. बाहेर आली तेव्हा गुलनाज उठून उभी राहिली आणि डोळ्यांवर हात धरून माणसं मोजू लागली. सोमलिंग. त्याच्या पायाशी केशरी काहीतरी... अब्बा. आणि तिसरा? तिसरा कुठं होता?

मग अब्बांच्या आडून एक ओलं डोकं वर आलं.

शमशादबीनं तिला इतक्या जोरात मिठी मारली की दोघी पडता पडता वाचल्या.

अब्बांना घोंगड्यांत गुंडाळून, गरम चहा पाजून अम्मी त्यांच्या उशाशी बसली. सांगताना अब्बांचे दात वाजत होते. लाट आली तसं पोरानं आधी जाकीट काढून त्यांच्या गळ्यात अडकवलं. होडी पालथी झाली तेव्हा त्यांना बखोटीला धरून बाभळीपर्यंत ओढत नेलं, आणि मग एका हातानं त्यांना आणि एका हातानं फांदी धरून राहिला. काटेरी फांदी. मध्ये हात बदलला, पण त्यांना सोडलं नाही.

म्हणून संध्याकाळी, वारं पडल्यावर, ताबीश स्वयंपाकाच्या छपराखाली दोन्ही तळवे उघडे टाकून बसला होता, आणि गुलनाज सुईनं एकेक काटा काढत होती. शमशादबी पलीकडं नमाजला उभी होती.

"हलू नका."

"हललो नाही. तुमचाच हात कापतोय."

खरंच कापत होता. रोज किती जणांच्या दंडात सुई घालणारी ती, आज तिला एक काटा नीट धरता येत नव्हता.

"मघाशी काहीतरी सांगणार होतात," तो म्हणाला. "मी काय वाईट बोललो ते."

"नोकरी सोडणार का, असं विचारलंत. पहिलाच प्रश्न."

त्यानं दुसरा तळवा तिच्यापुढं केला.

"माझी आधी एकदा मंगनी झाली होती," तो म्हणाला. "मुलगी शाळेत शिकवायची. लोकांनी सांगितलं, लग्नानंतर काय गरज, सोडायला लावा. मी बोललो नाही. अम्मीही बोलली नाही. तिनं सोडली... आणि महिन्याभरात मंगनीही मोडली. म्हणाली, जो आत्ता गप्प बसतो तो पुढंही गप्प बसेल. खरंच होतं तिचं." त्यानं मान खाली घातली. "म्हणून तुम्हाला आधी तेच विचारलं. मला 'नाही' ऐकायचं होतं. ऐकलंही... फोन ठेवून मी केवढा खूश होतो. संध्याकाळी कळलं की तुम्ही मलाच नाही म्हटलंय."

सुई गुलनाजच्या हातात तशीच राहिली.

"हे तेव्हाच सांगायचं नाही का?"

"फोन तुम्ही ठेवलात."

"पुन्हा करायचा."

"करायचा होता," तो म्हणाला. "भीती वाटली."

एका अनोळखी माणसासाठी पाण्यात उतरणारा हा माणूस... फोनला भ्याला. तिनं त्याचा तळवा पुन्हा उजेडाकडं वळवला. काटे संपले होते. तरी तिनं हात सोडला नाही, आणि त्यानंही काढून घेतला नाही. नमाज संपवून शमशादबी वळली तेव्हा दोघं एकदम खालीच बघायला लागली.

सकाळी पाणी असं निवांत होतं, जणू काल काही घडलंच नाही. सामान होडीत चढत होतं. कुणालाच आता इथं थांबायचं नव्हतं. अब्बा शमशादबीसमोर येऊन उभे राहिले.

"बहनजी, तुमच्या पोरानं मला... मी काय बोलू? आम्ही उन्हाळ्यात जरा घाई केली. तुम्ही पुन्हा एकदा आमच्या घरी आलात तर..."

"मकदूमभाई," शमशादबीनं त्यांना थांबवलं. "त्यानं केलं ते कुणासाठीही केलं असतं. त्याची किंमत म्हणून तुमची मुलगी नको मला. आणि ज्या दारातून एकदा नकार आला, तिथं मी परत येणार नाही. वाईट वाटून घेऊ नका."

अब्बांची मान खाली गेली. अम्मीनं पिशवी उचलली. ताबीश काही बोलायला पुढं झाला, पण आईकडं बघून घुटमळला. गुलनाजला दिसलं, आता होडी सुटली की सगळं सुटलं. सोलापुरात उतरल्यावर ते होटगीच्या वाटेला आणि आपण पेठेच्या. पुन्हा कोण कुणाला फोन करणार?

"तुम्ही येऊ नका, खाला," ती म्हणाली.

सगळे तिच्याकडं बघायला लागले. तिचे कान तापले होते, पण आवाज कापला नाही.

"नकार आमच्या दारातून आला, तर आता आम्ही यायला पाहिजे. अब्बा, आपण जाऊ होटगीला. मागणं घालायला आपण जाऊ." तिनं श्वास घेतला. "कालच्या उपकारासाठी नाही. मला तो पसंत आहे म्हणून."

"मुलीकडचे मागणं घालायला?" अम्मी पुटपुटली. "लोक काय म्हणतील?"

"म्हणू देत," अब्बा म्हणाले.

शमशादबी गुलनाजकडं बघत राहिली. तिच्या चेहऱ्यावरून काही कळेना. मग तिनं ओढणीच्या टोकानं डोळे टिपले.

"इतवारी या," ती म्हणाली. "जेवायलाच या. आणि पुढंही जेवण मीच करणार, ही लॅबमधून दमून येणार." एवढं बोलून ती होडीकडं चालू लागली.

अब्बा-अम्मी तिच्या मागं गेले. काठावर दोघंच उरली. ताबीशच्या दोन्ही हातांना पट्ट्या होत्या, आणि त्या हातांचं काय करावं हे त्याला कळत नव्हतं.

"सगळ्यांचं ठरलं," तो म्हणाला. "मला मात्र अजून कुणी विचारलंच नाही."

"विचारते." तिनं त्याच्याकडं सरळ पाहिलं. "माझी नोकरी राहील. अब्बा-अम्मीकडं मी येत-जात राहीन. आणि जिथं बोलायचं, तिथं तुम्ही बोलायचं... गप्प बसायचं नाही. चालेल?"

"चालेल," ताबीश म्हणाला. मग होडीत बसलेल्या सगळ्यांना, सोमलिंगलासुद्धा, ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं तो पुन्हा म्हणाला, "चालेल."