आतल्या बाजूची कडी

दादासाहेब भरल्या ताटावरून उठला, तेव्हा भाकरीचा एकच तुकडा मोडलेला होता आणि ताटाशेजारी पतसंस्थेचा कर्जाचा अर्ज होता. रतनने तो फार विचार करून ठेवला होता… आमटी उडू नये म्हणून वीतभर लांब, आणि दादाच्या नजरेतून सुटू नये म्हणून उजव्या हाताला. बारामतीच्या मुलींच्या वसतिगृहात, रोज एसटीने ये-जा करत, बावीस वर्षं मदतनीस म्हणून काढल्यावर माणसाला एवढी शिस्त येतेच.

"खोली बांधायचीया. पत्र्याचीच," एवढंच ती म्हणाली होती. "जामीनदार म्हणून तुझी सही लागती, दादा."

दादासाहेबाने ताटातच हात धुतला.

"म्या मेलोय का?" तो म्हणाला. "बहिणीला म्हातारपणी घराभायेर काढली, आसं लोकांनी माझ्या तोंडावर बोलायचं? तुला हितं काय कमी हाय?"

कमी काय आहे हे सांगायचं, तर आधी ट्रंकेची गोष्ट सांगावी लागली असती, आणि भावाला ती सांगण्याइतकं कठोर अंतःकरण रतनला देवाने दिलं नव्हतं!

सासरच्यांनी दोन वर्षांत परत पाठवली, तेव्हा रतन एक पत्र्याची ट्रंक घेऊन निमगाव केतकीला माहेरी आली. ट्रंक आधी मधल्या घरात होती. भाचे मोठे झाले, तशी ती पडवीत आली. मग घरात फ्रीज आला आणि ट्रंक पाण्याच्या मोटारीच्या खोलीत, खताच्या पोत्यांशेजारी गेली. तिच्यामागोमाग रतनचं अंथरूणही. आता थोरल्या भाच्याचं, ऋषिराजचं लग्न ठरलं होतं आणि मोटारीच्या खोलीत त्याची नवी गाडी लागणार होती. या सगळ्या काळात तिला कोणी जा म्हणालं नाही. कोणी वाईट बोललंही नाही. फक्त ट्रंक सरकत गेली… आणि ज्या खोलीत ती निजे, तिच्या दाराला बाहेरून कडी होती, आतून नव्हती. खताच्या पोत्यांना आतल्या कडीची गरज नसते.

चौदा महिन्यांनी ती निवृत्त होणार होती. त्यानंतर दोन हजार आणि वर काही रुपये पेन्शन बसणार होतं. एवढ्या पैशात माणूस स्वतःच्या घरात राहू शकतो किंवा दुसऱ्याच्या उपकारात. भाड्याच्या घरात राहू शकत नाही. म्हणून तिने पै पै साठवून गावाबाहेर अर्धा गुंठा घेतला होता आणि आयुष्यात पहिल्यांदा कर्ज मागायला गेली होती. पतसंस्थेचा सेक्रेटरी सोपान माणूस चांगला. त्याने खुर्ची दिली, चहा दिला आणि सांगितलं की कर्ज निवृत्तीच्या आत फिटलं पाहिजे. चौदा हप्ते आणि तिचा पगार पाहता जेवढी रक्कम बसत होती, तेवढ्यात तीन भिंती होत होत्या. चौथ्या बाजूला ताडपत्री लावू, असं रतनने मनाशी ठरवूनही टाकलं. पण त्या तीन भिंतींनाही सातबारा असलेला जामीनदार हवा होता. जिची नोकरी संपत आली तिला जामीन राहायचं म्हटल्यावर ओळखीच्या साऱ्या शेतकऱ्यांनी अचानक पाठ फिरवली. राहिला दादा.

जयवंता वहिनीने दादाचं ताट उचललं. तिची जीभ गावात प्रसिद्ध होती आणि आताही तिने जिभेचं नाव राखलं.

"वन्सं, पुरुषमाणसाला भाकरीवरनं उठवायला शिकल्या म्हणायच्या बारामतीत."

ताट मोरीत आपटून ती नवऱ्याच्या मागे गोठ्याकडे गेली. आता ही आणखी तेल ओतणार, असंच रतनला वाटलं. गोठ्याची भिंत पडवीला लागूनच होती. ऐकायचं नसूनही तिला ऐकू आलं.

"सही करा," वहिनी म्हणत होती. "ज्या सातबाऱ्याची एवढी ऐट हाय, त्यावर वन्संचं बी नाव होतं. इंदापूरला जाऊन त्यांनी हक्क सोडला, एक शब्द बोलल्या न्हाईत. त्या बदल्यात आपण काय दिलं? लुगडं. त्ये बी माझ्या पसंतीचं, जांभळं. त्यांना जांभळा रंग आवडत न्हाय."

दादा काहीतरी पुटपुटला.

"आणि त्यांची ट्रंक तुमी न्हाय सरकवली, म्या सरकवली. दोन्ही डाव. माझ्या ध्यानात हाय." म्हशीपुढे वैरण टाकल्याचा आवाज आला. "आवो, तीस वरसं झाली मला ह्या घरात येऊन. कडी लावून घडीभर बसावं, अशी जागा मला बी न्हाय. एकीला तरी मिळू द्या."

रतनने पदर तोंडात धरला. ज्या जिभेच्या धाकाने ती इतकी वर्षं जपून वावरली, ती जीभ भिंतीपलीकडे तिच्यासाठी भांडत होती!

दुसऱ्या दिवशी दादासाहेब पतसंस्थेत आला. तोंड फुगलेलंच होतं; सही करायची आणि उठायचं, एवढाच त्याचा बेत होता. सोपान दोघांची आधारकार्डं समोर ठेवून अर्ज भरू लागला.

"आक्का, एक जून अडुसष्ट. तात्या, तुमची… एक जून अडुसष्ट."

एक जूनचं सोपानला नवल वाटलं नाही. त्या पिढीतलं निम्मं गाव एक जूनलाच जन्मलेलं आहे. शाळेत नाव घालताना मास्तर तीच तारीख टाकत. पण साल?

"जुळी हाय का तुमी?"

दादासाहेब हसणार होता. ओठ हललेही… आणि तिथेच थांबले.

"न्हाय," तो म्हणाला. "ही धाकली हाय. दोन वरसांनी. म्या शाळंत एकटा बसंना, वरडायचो. मग आमच्या आबांनी हिला संगं बसवली. मास्तर म्हणलं, सा वरसं भरल्याबिगर घेता येत न्हाय. म्हणून हिला सा वरसाची केली. चार वरसाची व्हती."

सोपान हिशेबी माणूस. त्याच्या तोंडून सहज निघून गेलं, "म्हंजे आक्का दोन वरसं आधीच रिटायर व्हायला लागल्यात की."

दादासाहेबाला एकाएकी ती पोर दिसली… पाटीपेक्षा जेमतेम मोठी, नाकाला शेंबूड, एका मुठीत त्याच्या सदऱ्याचं टोक घट्ट धरलेलं, आणि तो हुंदके देत असताना त्याच्या कानात मोठ्या बाईच्या थाटात म्हणणारी, "गप बस दादा, म्या हाय." चौथीनंतर तिची शाळा बंद केली. दादाला तोवर एकट्याने बसायची सवय झाली होती!

"सोपान," तो म्हणाला, "जामीनदार खोड. सहकर्जदार ल्ही मला. चौदा हप्ते तिचं, फुडचं चोवीस माझं. चारी भिंतीचं पैसं दे."

"तात्या, जामीन राहिला तरी तीन भिंतीचं—"

"पुरत न्हाय. ती दोन वरसं माझ्या नावावर हायत."

"दादा, तुझं पैसं ऊस गेल्यावर येत्यात. कशाला जीवाला घोर…" रतन कशीबशी बोलली.

"गप बस," तो म्हणाला. "म्या हाय."

रतनने मान खाली घातली. अर्जाच्या एका कोपऱ्यावर पाण्याचा थेंब पडला. सोपानने काही न बोलता दुसरा कोरा अर्ज काढला, कारण ओला अर्ज संचालक मंडळाला चालत नाही.

रतन पुढच्या वर्षी एकतीस मेला निवृत्त झाली. शाल मिळाली, श्रीफळ मिळालं, आणि मुलींनी वर्गणी काढून घेतलेलं भिंतीवरचं घड्याळ मिळालं. एक जूनला, म्हणजे कागदोपत्री दोघांच्याही वाढदिवसाला, ती आपल्या खोलीत बसली होती. चार भिंती, वर पत्रा. ट्रंक मधोमध ठेवली होती. तिला हवी तिथे.

दार वाजलं.

"रतन, आत येऊ का?"

गेल्या तीस वर्षांत ती निजे त्या ठिकाणी येताना कुणी असं विचारलं नव्हतं.

"थांब दादा," ती म्हणाली, "कडी काढते." आणि तिने ती सावकाश काढली.

दादाच्या हातात त्याच्या वाट्याच्या पहिल्या हप्त्याची पावती होती. त्याच्यामागे वहिनी होती, काखेत लुगड्याची पिशवी घेऊन. लुगडं हिरवं होतं. वहिनी आत आली, खोली सगळीकडून न्याहाळली, पत्रा तापतोय असं बोलून दाखवलं आणि मग नवऱ्याकडे वळली.

"तुमी बसा जरा भायेर." तिने दार लोटलं. "वन्सं, लावा कडी. घडीभर बसू."

कडी लागल्याचा आवाज झाला. दादासाहेब पायरीवर एकटाच बसला. सहा वर्षांचा असताना रडायचा, तसाच रडला… फक्त या वेळी त्याने आवाज केला नाही.