आठपट

ऋषीच्या कानात लाल धूळ होती.

सब-इन्स्पेक्टर हर्षाली प्रेताजवळ वाकून बघत राहिली. महाळुंगे पडवळजवळच्या त्या दगडखाणीत सगळं राखाडी होतं. रस्ता, झुडपांची पानं, पंचनाम्याला जमलेल्यांच्या चपला. कड्यावरची जमीन पिवळ्या मुरमाची. मग ही विटकरी धूळ कुठली? कानात, पापण्यांत, बाहीच्या घडीत.

"तोल गेला असंल," बाळासाहेब म्हणाला. ऋषीचा थोरला भाऊ. खाण दोघांच्या कंपनीची. क्रशरवाले दगड काढायचे आणि दर ब्रासमागे, म्हणजे शंभर घनफुटांमागे, कंपनीला रॉयल्टी द्यायचे. "लई खोड त्याला, पार कडंला जाऊन हुबं ऱ्हायची."

"काल तुम्ही कुठे होता?"

"नारायणगावला. काल खाणीला सुट्टी व्हती, मॅडम. हितं चिटपाखरू न्हाई."

हर्षाली मुकादम सयाजीला घेऊन कड्यावर चढली. काठापासून थोडं आत राखाडी कच, क्रशरमधली दगडाची भुकटी, सांडली होती. शेजारी घाणेरीच्या झुडपाखाली नारळाच्या दोन भकला होत्या, कुंकू लावलेल्या. एकीतलं खोबरं काढून घेतलेलं.

"हा नारळ कशाचा?"

"नव्या जागी ड्रिल लावायचं म्हणलं की आदी नारळ फोडतो आमी."

"ड्रिल कोण चालवतं?"

"आमीबी चालवतो, ऋषीभाऊबी."

"मग इथलं भोक कुठंय?"

सयाजीने इकडेतिकडे पाहिलं. भोक नव्हतं.

पोस्टमॉर्टेममध्ये डोक्याला मार, पडून मृत्यू. दारू नाही. वरिष्ठ म्हणाले, अपघात म्हणून फाईल मिटवा.

दहाव्याचा विधी झाल्यावर हर्षाली ऋषीच्या घरी गेली. ओटीवर ऋषीची आई चिमाबाई बसली होती. तिच्या मांडीवर सव्वा वर्षाची समृद्धी, ऋषीची मुलगी. आत ऋषीची बायको अक्षदा कागद चाळत होती.

"कसले कागद?"

"दादांचा अर्धा हिस्सा मी विकत घेतेय. दुपारी मंचरला सही. यांनी शब्द दिला होता."

"पैसे?"

"माझ्या वडलांनी नारायणगावची टोमॅटोची जमीन विकली. सगळी." तिने नजर वर केली नाही. "आता माझ्या पोरीला हाच आधार."

बाळासाहेब दारात आला. "मॅडम, भाव एकदम रास्त हाय. खर्च, कर जाऊन वर्षाला हातात जेवढं ऱ्हातं, त्याच्या आठपट."

"आठपटच का?"

"आठ वर्षांत पैसं वसूल. म्होरं सगळं फुकाट. दगड अजून लई खोल हाय, पोरीच्या पोरांना पुरंल." तो हसला. "घरातलीच म्हणून आठपट. भायेरचा असता तर धापट घेतली असती."

"आणि दगड वर्षभरात संपला तर?"

हसू क्षणभर अडकलं. "कशापायी संपंल? काळजी करू नका, मॅडम." तो गाडी काढायला गेला.

ओटीवर समृद्धी खोकली. अक्षदा कागद टाकून धावली. पोरीच्या तोंडात बोट घालून बिस्किटाचा ओला तुकडा बाहेर काढला.

"सारखं लक्ष ठेवावं लागतं," ती म्हणाली. "हे गेले त्या दिवशी असाच घशात अडकला असता. दादांनी खोबरं दिलं होतं, प्रसादाचं. वर लाल कचकच. कुंकू म्हणावं तर दाताखाली वाजत होतं."

"त्याच दिवशी? किती वाजता?"

"संध्याकाळी. खाणीवरून निरोप यायच्या आधी."

"ते खोबरं कुठंय?"

"प्रसाद कसा टाकणार? देवाऱ्यात, डबीत आहे."

हर्षालीने डबी उघडली. बुरशी धरलेला तुकडा, आणि कडेला विटकरी कण. तिने सयाजीला फोन लावला. ती कच सांडलेली जागा उकरा, खाली भोक असेल. कंप्रेसरची हवा मारा, काय बाहेर येतं ते सांगा.

बाळासाहेब गाडी घेऊन दारात उभा होता, तेव्हा सयाजीचा फोन आला. हर्षालीने ऐकून घेतलं आणि गाडीची किल्ली मागितली.

"ह्ये काय, मॅडम? टाइम झाला आमचा."

"प्रसाद कुठला होता, बाळासाहेब?"

"नारायणगावच्या देवळातला."

"देवळात ड्रिल चालतं का?"

अक्षदा दारात येऊन उभी राहिली.

"ऋषी भोळा नव्हता," हर्षाली म्हणाली. "सासऱ्याची जमीन पणाला लावायच्या आधी त्याला दगड तपासायचा होता. सुट्टीच्या दिवशी एकट्याने ड्रिल लावलं. नारळ फोडला. काळा दगड थोडाच निघाला, मग खालून लाल मातीचा थर. त्याची धूळ त्याच्या अंगभर उडाली. लाल थर लागला म्हणजे दगड संपला. वर्षाची मिळकत बंद होणार, तर तिची आठपट कसली? तुम्ही तिथं पोचलात. त्याने त्याच लाल हाताने आधी प्रसाद दिला, मग सांगितलं."

"पुरावा काय?"

"तुम्ही त्याला ढकललंत. भोक कचीने बुजवलंत, कंप्रेसर जागेवर लावलात. पण प्रसाद टाकवला नाही तुम्हाला. भावाला टाकलंत, खोबरं खिशात ठेवलंत, आणि त्याच्याच पोरीला भरवलंत. सयाजीने आत्ता भोक मोकळं केलं. आधी राखाडी कच उडाली, मग लाल धूळ. या डबीत तीच आहे."

बाळासाहेबाने डबीकडे पाहिलं. "तिथंच सौदा मोडायच्या गोष्टी कराया लागला. माजं कर्ज कोण फेडणार व्हतं? सारं आयुष्य त्याचंच कौतिक..."

"त्या दिवशीचे तुमचे कपडे?"

तो आईकडे बघत राहिला.

चिमाबाईने पदर सावरला. "धुतलं मी. लाल पानी निगालं. तवाच उमजलं मला."

"आत्या," अक्षदा सासूकडे वळली, "काल तुम्हीच म्हणालात ना, सही करून टाक, पोरीचं कल्याण होईल?"

"एक गेला व्हता. उरला त्याला नको का राखाया?" म्हातारी शांतपणे म्हणाली. "तुला काय, तुजा बाप हाय."

हर्षालीसोबत आलेल्या हवालदाराने बाळासाहेबाला जीपमध्ये बसवलं. अक्षदा सासूसमोर आली आणि तिने मुलीला उचललं. समृद्धीने किंकाळी फोडली. आजीच्या पदराचं टोक तिने मुठीत गच्च धरलं होतं.

अक्षदाने एकेक बोट उलगडून ती मूठ सोडवली.