केबल ताठ आहे

हे घडलेलं आहे. ज्यांना थोतांड वाटतं त्यांनी इथेच थांबावं, मला कोणाची मनधरणी करायची नाही.

माझ्या आतेबहिणीच्या, मैत्रेयीच्या बाबतीत घडलं. गेल्या जानेवारीत, जर्मनीत, वाल्डॉर्फहून हायडेलबर्गकडे जाणाऱ्या शेतांमधल्या रस्त्यावर. घड्याळात सकाळ होती. पण तिथे जानेवारीत सकाळी सातलाही मिट्ट काळोख असतो.

गाडी मधूदादांची होती. मधूदादा म्हणजे तिच्या नवऱ्याचे, सत्यजितचे, ऑफिसातले सीनियर. दोघेही पुण्याचे इंजिनिअर. दिवसभर गाड्यांचे थ्रॉटल तपासायचे, म्हणजे पेडल दाबलं की इंजिनात हवा सोडणारी झडप. ही गाडी जुनी, करडी, छोटी. पेडलपासून झडपेपर्यंत साधी लोखंडी केबल.

मधूदादांची बायको, शुभदावहिनी, त्याआधीच्या हिवाळ्यात गेल्या होत्या. कशा? मराठी मंडळात विचारलं की लोक "अपघात झाला हो" म्हणायचे आणि पुन्हा वड्यांच्या ताटाकडे वळायचे. मैत्रेयी नुकतीच लग्न होऊन आलेली. तिला वाटलं, रस्ता ओलांडत असतील. आणि सत्यजितने गाडी घेताना तोंड उघडलं नाही. सीनियरला काय विचारायचं? आपला माणूस आपल्या माणसाला देतोय, बस.

पहिली कडाक्याची थंडी पडली...

आणि मैत्रेयीने पाय काढला तरी गाडी पळतच राहिली.

घरी येऊन तिने सांगितलं. सत्यजित म्हणाला, तुझा पाय राहतो पेडलवर. तरी त्याने इमारतीखालच्या गरम टीफगराजमध्ये, म्हणजे तळघरातल्या पार्किंगमध्ये, बॉनेट उघडून बघितलं. सगळं ठणठणीत. ती म्हणाली, अरे, इथे गरम आहे, बर्फ असेल तर वितळलाच असेल.

"आता तू मला थ्रॉटल शिकव," तो हसून म्हणाला.

केबल मात्र त्याने नवी टाकली. ग्रीस भरलं, पाणी शिरायला जागा ठेवली नाही. आणि तिला धडा दिला. झडप गोठली की पेडल वर येतं, झडप उघडीच राहते, केबल लोंबते.

"सैल असेल तर बर्फ. ताठ असेल तर तुझा पाय. सोपं आहे."

पुढे घरी कोणी आलं की मैत्रेयीच्या पायाचा विनोद ठरलेला. सगळे हसायचे.

मधूदादा हसायचे नाहीत. ताटात बघत बसायचे.

तर त्या सकाळी उणे अकरा होतं. धुकं असं की दिव्यांच्या पुढे भिंत. रस्त्यावर चिटपाखरू नाही. शेतं संपून झाडांची रांग सुरू झाली आणि...

पेडल खाली गेलं.

तिचा पाय वर होता. पेडल खाली होतं.

इंजिन किंचाळायला लागलं. तिने क्लच दाबला, किल्ली फिरवून इंजिन बंद केलं, जड झालेलं स्टीअरिंग ओढत गाडी कशीबशी कडेला आणली. सत्यजितला फोन लावला. तो मीटिंगमध्ये, शेजारी मधूदादा. तो वैतागला. म्हणाला, गिअर काढ, इंजिन चालू कर, खाली उतर, बॉनेट उघड आणि केबल बघ. एकदाचा निकाल लाव.

तिलाही निकालच हवा होता. ती खोटं बोलत नाही, एवढंच तिला सिद्ध करायचं होतं.

किल्ली फिरवताच इंजिन पुन्हा किंचाळलं. ती उतरली. बॉनेट उघडलं. हातमोजा काढून केबलवर बोट ठेवलं.

ताठ.

तंबोऱ्याच्या तारेसारखी.

"ताठ आहे," ती फोनवर म्हणाली.

"गेनाऊ, अगदी बरोबर! म्हणजे पाय पेडलवर आहे. दोन महिने काय सांगतोय मी?"

"सत्यजित, मी बाहेर उभी आहे."



आणि तिच्या बोटाखाली केबल सैल झाली... परत ताठ झाली... परत सैल. सावकाश. बर्फ असं करत नाही.

ती बॉनेटच्या बाजूने वाकली. आत कोणी नव्हतं. पण ड्रायव्हरच्या बाजूची काच आतून धुरकट होत होती. वाफेचा गोळा मोठा व्हायचा... आकसायचा... परत मोठा व्हायचा.

कोणीतरी श्वास घेत होतं.

तेवढ्यात फोनवर दुसरा आवाज आला. मधूदादांचा, पार चिरकलेला.

"मैत्रेयी, रस्त्यावरून बाजूला हो. शेतात जा. आत्ता."

ती पळाली. गोठलेल्या ढेकळांवर पडली. मागे वळून बघते तर इंजिन हळूहळू शांत होत होतं, कोणीतरी निवांतपणे पाय उचलावा तसं.

मधूदादांनी त्या दिवशी तोंड उघडलं. शुभदावहिनी याच गाडीत होत्या. याच झाडांपाशी. महिनाभर सांगत होत्या, पेडल अडकतंय. हे म्हणायचे, तुला चालवता येत नाही. त्या सकाळी ह्यांनीच फोनवर सांगितलं, उतर आणि केबल बघ. त्या उतरल्या. धुक्यातून ट्रक आला. गाडीला ओरखडासुद्धा नाही. पोलिसांना ह्या गृहस्थांनी सांगितलं, बायको घाबरट होती.

"तिचे शेवटचे शब्द," मधूदादा म्हणाले, "ताठ आहे."

म्हणजे तेव्हाही कोणाचा तरी पाय तिथे होता. वहिनींचा नव्हे, त्या तर बाहेर उभ्या होत्या. मग कोणाचा? मधूदादांनी ती गाडी आणखी कोणाकडून घेतली होती. त्यांनीही काही विचारलं नव्हतं.

सत्यजितला लगेच पटलं. मैत्रेयीच्या मनातून तो उतरला तो त्याच क्षणी. बायको दोन महिने कंठशोष करत होती तेव्हा विनोद. सीनियर एक वाक्य बोलला, तेव्हा खरं.

आणि पटल्यावर ह्या शहाण्याने काय केलं? गाडी मंडळाच्या ग्रुपवर टाकली. "उत्तम स्थितीत, ट्यूव्ह तपासणी पास, आपल्या माणसाला प्राधान्य." मैत्रेयीने खाली लिहिलं, थंडीत पेडल अडकलं तर मला फोन करा. ती ओळ लगेच पुसली गेली. तिला ग्रुपमधून काढलं. ती आता हायडेलबर्गला एकटी राहते.

परवा तिकडे या हिवाळ्याची पहिली गोठवणारी थंडी पडली. सकाळी तिला अनोळखी नंबरवरून फोन आला. येना शहरातून, वल्लरी नावाची मुलगी. म्हणाली, ताई, तुमची ओळ पुसायच्या आधी मी वाचली होती. पेडल अडकलंय. माझे मिस्टर म्हणतात माझाच पाय असणार.

मागे इंजिन किंचाळत होतं.

मैत्रेयी ओरडली, "उतरू नकोस. काही झालं तरी खाली उतरू नकोस."

वल्लरी म्हणाली,

"मी उतरलेच आहे ताई. केबल ताठ आहे."

मैत्रेयी पुढे काही बोलणार, तेवढ्यात मागचं इंजिन शांत झालं. हळूहळू.

फोन चालूच होता. मैत्रेयी हाका मारत राहिली.

तिने पोलिसांना कळवलं, पण तिला धड रस्ताही सांगता येईना. त्या नंबरवर अजून रिंग जाते. उचलत कोणी नाही.