वकीलसाहेबांचं परस्थान

व्यंकटराव वकील विलायतेला निघाले, हे ऐकून हिंगोलीत कुणी फारसं दचकलं नाही. घरचं बरं होतं, वकिली चालत होती, लेकरूबाळ नव्हतं. लोक दचकले ते पुढचं ऐकून. वकीलसाहेब एकटेच जाणार होते.

"जा की इलायतेला, कोन न्हाई म्हन्तं?" त्यांचा कारकून संतराम म्हणाला. "पन एकलेच काहून? मी येतो. न्हाई तं सैपाक्याला तरी घ्या संगं."

संतरामाचं चुकत नव्हतं. या मुलखात खाऊनपिऊन सुखी असलेला माणूस एकटा म्हणून कुठं जातच नाही. वसमतच्या कोर्टात जायचं झालं तरी व्यंकटरावांच्या मागं संतराम, पाण्याची सुरई धरलेला गडी आणि उगाच आलेला एखादा चुलतभाऊ असायचाच. औरंगाबादेला शिकायला गेले तेव्हा आईनं मावसभाऊ सोबत दिला होता. तो बिचारा स्वतः काहीएक न शिकता खोलीवर भात शिजवत बसला. रस्त्यानं चालावं तर दर चार पावलांवर रामराम, दर दुकानातून आदाब. चाळिशी आली तरी या माणसाला आपण एकटे असलो म्हणजे कसे असतो, हेच ठाऊक नव्हतं. आयुष्यात एकदा, एक दिवस तरी, आपल्याला कुणी ओळखत नाही अशा गावातून फिरावं, एवढीच त्यांची इच्छा होती. ती त्यांनी कुणाला सांगितली नव्हती. सांगून हसं कशाला करून घ्या?

मुंबईहून मागवलेला युरोपचा नकाशा उन्हाळाभर बैठकीत अंथरलेला असे. चार कोपऱ्यांवर हळदीचे चार गड्डे ठेवलेले. बोटीनं मार्सेल्स बंदरापर्यंत. तिथून रेल्वेनं वर. मग एका लहानशा शहरात भाड्याची मोटार घ्यायची आणि खेड्याखेड्यातून स्वतः हाकत न्यायची. शेवटी डोंगरातली छोटी गाडी धरायची आणि जिथं रूळ संपतात तिथं उतरायचं. हिंगोलीतही रूळ संपतातच. पूर्णेहून आलेली गाडी इथं दम खाते आणि आल्या वाटेनं परत जाते. नकाशावरचा तो शेवटचा ठिपका बघून व्यंकटरावांना उगाच घरच्यासारखं वाटायचं.

"नाव काय हो त्या गावचं?" संतरामानं विचारलं.

व्यंकटरावांनी वाचून पाहिलं. जीभ काही वळेना. "सांगता येत नाही."

"घ्या! मंग तिकीट कसं मागसाल?"

मोटार हाकायला त्यांना नेमसिंग ड्रायव्हरनं शिकवलं. सेनगावच्या रस्त्यावर नेमसिंगाला लिंबाखाली उतरवून ते एकटेच पुढं जायचे आणि परत यायचे. परत येताना चेहरा असा फुललेला, की नेमसिंग मिशीत हसायचा.

बोटीची तारीख नेमकी धोंड्याच्या महिन्यात आली. बायकोनं, द्वारकाबाईंनी, कपाळाला हात लावला. अधिक महिन्यात घराबाहेर पाऊल टाकून लांबचा प्रवास? मग जोशीबुवांनी नेहमीची तोड सांगितली. चांगला दिवस बघून आधीच परस्थान ठेवायचं. जाणाऱ्याची एखादी वस्तू, सुपारी, तांदूळ फडक्यात बांधून वाटेवरच्या घरी नेऊन ठेवायचे. म्हणजे माणूस त्या दिवशीच निघाला, असं धरतात. पुढं प्रत्यक्षात जाईल तेव्हा ते गाठोडं उचलायचं आणि तसंच पुढं व्हायचं. ज्याचं त्यानंच उचलायचं, आणि घरी परत आणायचं नाही.

स्टेशनच्या वाटेवर चाँद पाशा शिंप्याचं घर होतं. वकीलसाहेबांचा लोकरी कोट त्यानंच शिवला होता. तिथंच ठेवायचं ठरलं.

व्यंकटरावांचा असल्या गोष्टींवर विश्वास नव्हता. "नुसती सुपारी कुठं पोचायची विलायतेला?" असं म्हणून त्यांनी गाठोड्यात नवा कोट घातला आणि वर नवे बूट ठेवले. म्हटलं, नाहीतरी स्टेशनवर न्यायचेच आहेत.

"अहो, पायातलं ठिवू नाही परस्थानात," द्वारकाबाई कळवळून म्हणाल्या.

"का?"

"का म्हंजी? पायातलं ठिवलं तं मागं काय ऱ्हायलं?"

व्यंकटराव हसले. चाँद पाशानं गाठोडं आतल्या खोलीत खुंटीला टांगलं.

निघायच्या दिवशी ट्रंक टांग्यात चढली होती. गल्ली निरोपाला लोटली होती. आणि व्यंकटरावांना पायरी उतरवेना. संपूर्ण एकटं! आगबोटीच्या त्या खोलीत दार लावून घेतलं की आपल्याला हाक मारणारं कुणी नाही! ते सगळ्यांसमोर म्हणाले, एका मोठ्या दाव्याची तारीख निघाली आहे, पुढच्या बोटीनं जाऊ. ट्रंक खाली उतरली. संतरामाला ठाऊक होतं की तारीख निघालेली नाही.

पुढची बोट यायच्या आत तिकडं लढाई पेटली. व्यंकटरावांनी चारचौघांत हळहळ केली, आणि मनातून मोकळा श्वास सोडला. नकाशा गुंडाळून कपाटावर गेला. गाठोडं मात्र खुंटीवरच राहिलं. त्यांना चाँद पाशाकडं जायची लाज वाटत होती, आणि दुसऱ्यानं ते उचलायचं नव्हतं.

दसरा झाल्यावर चाँद पाशा आला.

"वकीलसाब, तकलीफ माफ. तुमचा कोट वल्ला होऊन राहिला."

"पाणी गळत असेल छपरातून."

"पाऊस कुठं हाय, साब?"

व्यंकटराव गेले. गाठोड्याला हात लावला तर गार. सोडलं तर कोटाला ओल्या लोकरीचा आणि दगडी कोळशाच्या धुराचा वास. बुटांच्या तळांना चिखल सुकला होता. पांढुरका, चुन्यासारखा. या भागात पायाला लागते ती काळी माती, चिकट, धुतली तरी नखात राहणारी. त्यांनी बूट पुन्हा उलटून पाहिले. चाँद पाशाकडं रोखून पाहिलं.

पडद्याआडून त्याच्या बायकोचा, अमिनाबीचा, आवाज आला. "आमच्या घरात एवढ्या मोठ्या पायाचं हाय कोन, भाईसाब? आमच्यावर शक नका घेऊ."

ते शरमले. घरून लाख आणली, गाठोडं पुन्हा बांधलं आणि गाठीवर स्वतःच्या अंगठीचा शिक्का मारला. वकिली डोकं ते. संक्रांतीच्या सुमारास जाऊन पाहिलं. शिक्का शाबूत होता. फोडून बघितलं तर बुटांच्या टाचा एका बाजूनं झिजलेल्या. व्यंकटराव डाव्या पायावर जरा जोर देऊन चालत. टाच तशीच झिजली होती.

कोटाच्या खिशात वाळक्या गवताची काडी निघाली, बारक्या निळ्या फुलाची. त्यांनी ती हुंगली. आणि मग त्यांना भीती नाही वाटली. हेवा वाटला. इतका, की डोळ्यांत पाणी आलं. कुणीतरी तिकडं मजेत हिंडत होतं. मनाला येईल तिथं मोटार थांबवत होतं. आणि ते कुणीतरी पायरीवरून मागं फिरलं नव्हतं.

त्यांनी सगळं होतं तसं बांधून खुंटीला लावलं आणि घरी आले.

घरात काही बदललंय, हे त्यांच्या ध्यानात यायला वेळ लागला. चहा येत होता, पण पाहुण्यांसाठी ठेवलेल्या कपबशीतून. मग जेवणाचं ताट स्वयंपाकघरातून बाहेर पडवीत आलं. द्वारकाबाई वाढताना पदर डोक्यावरून पुढं ओढून घेऊ लागल्या.

"अगं, हे काय?"

"कुठं काय?" त्या खाली बघून म्हणाल्या. "भाकरी वाढू का आनखी?"

रस्त्यातले रामराम कमी झाले. गुलाबचंद सराफ दुकानातून अदबीनं बघायचा, पण कुठल्याशा गिऱ्हाइकाकडं बघावं तसा. कोर्टात पुकारा झाला तेव्हा ते उभे राहिले. शिपाई म्हणाला, व्यंकटराव वकील विलायतेत आहेत, पुढची तारीख द्यावी. कुणालाच त्यात वावगं वाटलं नाही. व्यंकटरावांनी तोंड उघडलं आणि आपल्याला बोलायचा हक्क आहे की नाही, याचा त्यांना क्षणभर संशय आला.

त्या संध्याकाळी ते द्वारकाबाईंसमोर जाऊन उभे राहिले. "द्वारके, मी गेलोच नाही. मी इथंच आहे."

द्वारकाबाईंनी बराच वेळ त्यांच्या चेहऱ्याकडं पाहिलं. ओळखीचं काही सापडतंय का, असं. सापडत आलं आणि सुटलं.

"ते येतील आता," त्या हळूच म्हणाल्या. "तुमी बसा."

आता फार झालं. गाठोडं आणायचं. घरी आणू नये म्हणतात? आणायचंच.

दुसऱ्या दिवशी ते स्टेशनच्या वाटेला लागले. पूर्णेची गाडी नुकतीच येऊन उभी होती. इंजिनाचा धूर मैदानावर पसरला होता. चाँद पाशाच्या दाराचा पडदा वाऱ्यानं हलला आणि आतली खुंटी दिसली.

खुंटीवर काही नव्हतं.

"अमिनाबी! माझं गाठोडं?"

पडदा घट्ट ओढला गेला. "घरात मर्द न्हाई. मागून या, बाबा."

"अगं, मी व्यंकटराव."

"वकीलसाब तर आत्ताच आले ना गाडीनं. त्यांची चीज घेऊन गेले."

ते धावत सुटले. पुढं एक टांगा चालला होता. तो त्यांच्या गल्लीत वळला.

गल्ली पुन्हा लोटली होती. द्वारकाबाई पायरीवर उभ्या होत्या. एका हातात पाण्याचा तांब्या, दुसऱ्यात भाकरतुकडा. टांग्यातून लोकरी कोट उतरला. मग झिजलेले बूट. चाल डाव्या पायावर जोर देणारी.

"एकलेच आले का, वकीलसाहेब?" कुणीतरी ओरडलं.

"एकटाच," तो म्हणाला. आवाज मोकळा होता.

द्वारकाबाईंनी भाकरतुकडा त्याच्यावरून ओवाळला आणि बाजूला टाकला. त्यांच्या डोक्यावर पदर नव्हता. त्या हसत होत्या, लग्न झालं त्या वर्षी हसायच्या तशा.

तुकडा व्यंकटरावांच्या पायाशी येऊन पडला.

त्यांनी हाक मारली. कुणी वळलं नाही. मंडळी आत गेली आणि दार लागलं.

संतराम तेवढा मागं राहिला. टांग्यातलं सामान उतरवून घेत होता. त्याचं लक्ष या गल्लीत खोळंबलेल्या माणसाकडं गेलं. तो जवळ आला आणि परक्याशी बोलावं तसं, अगदी अदबीनं, त्यानं विचारलं,

"पावनं, कोन्या गावचे तुमी?"

व्यंकटरावांनी आपल्या गावाचं नाव आठवून पाहिलं. एकच नाव आठवलं, नकाशावरच्या त्या शेवटच्या ठिपक्याचं. ते त्यांनी सांगितलं. जीभ कुठंही अडखळली नाही.