मागच्या सीटचा पट्टा

शाळा परवा उघडायची होती आणि काकांच्या जुन्या व्हॅनने नेमका आताच कायमचा राम म्हटला होता.

काका म्हणजे गल्लीतली मुलं शाळेत नेणारे-आणणारे. त्यांना नावानं कुणी हाक मारत नसे. मुलं काका म्हणत, मुलांच्या आया काका म्हणत, आणि त्यांच्याहून वयानं मोठे म्हातारेसुद्धा काकाच म्हणत. दुसरी गाडी मिळाली नाही तर मुलं चौकातल्या त्या सुसाट रिक्षावाल्याकडे जाणार, हे ठरलेलं. तो मुलांना मेंढरांसारखं कोंबायचा आणि वळणावर वेगही आवरायचा नाही. काकांना घास गोड लागत नव्हता, तो त्या काळजीनं.

अशात एक जुनी व्हॅन विकायची आहे असा फोन आला. काका चपला घालू लागले, तेव्हा गॅरेज चालवणारा मेव्हणा ओट्यावर बसून आत असलेल्या आपल्या बहिणीशी, काकांच्या बायकोशी, बोलत होता.

"दाजी, मी येतो उद्या. आज जाऊ नका."

"उद्यापर्यंत दुसरा कोणी उचलेल रे."

"मग निदान एवढं करा. आधी बॉनेटवर हात ठेवा. गरम लागलं तर समजा, आजार लपवायला आधीच चालू करून ठेवलीय. मालकाच्या घरी जा, मालकाचं तोंड बघा. आणि मागचे पट्टे शेवटपर्यंत ओढून बघा. पुरात बुडालेली गाडी आतून-बाहेरून धुतात, पण पट्ट्याचं आतलं टोक धुवायचं कुणाच्या डोक्यात येत नाही."

"तोंड बघून काय कळतंय?" बायको आतून म्हणाली. "मी ह्यांचं तोंड बघूनच फसले."

काका हसले आणि निघाले.

गाडी कुणाच्या घरी नव्हती. बंद पडलेल्या वजनकाट्यामागच्या मोकळ्या जागेत उभी होती. दिवस कलत आला होता. विकणारा चकचकीत बुटांचा, गोड बोलणारा माणूस होता.

"या काका, या! दुसरी पार्टी टोकन घेऊन वाटेवर आहे. पण म्हटलं, तुमच्यासारखा वडीलधारा माणूस आहे, आधी तुम्हाला दाखवू."

"मालक कुठं आहेत?"

"परगावी. घरचाच माणूस आहे हो. कागदांवर नाव मागाहून चढवू."

काकांनी बॉनेटवर हात ठेवला. तवा तापावा तसं तापलेलं. त्यांचं मन तिथंच खट्टू झालं; पण गाडी दिसायला इतकी देखणी होती! नवी आवरणं, नवा रंग, पायाखाली नवा गालिचा. गरजवंताला अक्कल नसते म्हणतात, ते काही खोटं नाही. काका म्हणाले, "एक फेरी मारून बघतो."

"मारा की. मी इथंच आहे."

आत अत्तराचा भपकारा होता. काचा लावल्या, तसा त्या अत्तराखालून दुसरा वास वर आला. ओल्या दप्तराचा. गाळात कुजलेल्या पानांचा. काकांनी किल्ली फिरवली, आणि इतक्या वर्षांची सवय, तोंडातून आपसूक निघून गेलं,

"बसलात का रे सगळे?"

"होऽऽ..."

मागून आलं. हळू, एका सुरात, लहान लहान गळ्यांतून.

काकांचा हात किल्लीवरच राहिला. आरशात पाहिलं. सीट रिकामी. बाहेर विकणारा फोनवर कुणाशी तरी हसत होता. म्हातारपणी कान वाजतात, असं काकांनी स्वतःला समजावलं. गाडी बंद केली, उतरले, बाजूचं दार सरकवलं. मनात म्हणाले, मेव्हण्यानं सांगितलंय तर पट्टा तेवढा बघू आणि जाऊ.

त्यांनी मागच्या सीटचा पट्टा धरला आणि ओढत गेले. काळा, स्वच्छ पट्टा येत गेला, येत गेला... आणि मग शेवटचा हातभर मातकट निघाला. बोटांना गार चिखल लागला. अजून ओला.

"पाण्यातली आहे ही," काका पुटपुटले आणि त्यांनी पट्टा सोडला.

सोडलेला पट्टा सरकन आत जातो. हा गेला नाही. तो तिथंच अधांतरी थांबला. मग कुणीतरी इवल्या हातांनी ओढावा तसा, थोडा थोडा, खाली कडीकडे निघाला...

खट्.

लागला. आणि सैल पडला नाही. मध्ये कुणी बसलेलं असावं तसा फुगून ताठ राहिला. पट्ट्याच्या आत नुसती हवा होती, आणि ती हवा श्वास घेतल्यासारखी खालीवर होत होती.

पलीकडच्या कोपऱ्यात दुसरा पट्टा हलला.

काका मागे सरकले. पण ते पळाले नाहीत. त्यांनी रिकाम्या सीटकडे बघून, रोज म्हणत तसंच म्हटलं, "सांभाळून बसा हं, बाळांनो." आणि दार हलकेच लोटलं.

"काय काका, पसंत?"

"ही गाडी कुठल्या पाण्यात होती?"

विकणाऱ्याचं हसू क्षणभर विझलं. "पाणीबिणी काही नाही. कोण सांगतं तुम्हाला?"

"आत मुलं होती का?"

"नसेल घ्यायची तर सरळ सांगा. उगाच वेळ घालवू नका!"

"नाही घ्यायची. पण तूही चालवू नकोस रे. माझं ऐक. ओढून ने, जाळून टाक, पण आत बसू नकोस."

"म्हातारा चळलाय," असं म्हणत तो बसला आणि निघाला. एकटा माणूस, रिकामी गाडी; पण मागची चाकं भरल्या गाडीसारखी दबली होती, आणि गतिरोधकावर तिचं बूड घासल्याचा आवाज काकांनी स्वच्छ ऐकला.

दुसऱ्या दिवशी सकाळी काका घरोघर सांगायला निघाले, की गाडीची सोय होईपर्यंत मी मुलांना चालत नेईन, पण त्या रिक्षात बसवू नका. बहुतेकांनी मान डोलावली. शेवटचं घर सगळ्यात धाकटीचं. ती दारातच रुसून उभी होती.

"काका, काल तुम्ही का नव्हता?"

"कुठं गं?"

"नव्या गाडीत. दिवेलागणीला दारात आलेली. पुढं कुणीच नव्हतं. आतली मुलं म्हणाली, ये, जागा आहे."

काका तिच्यासमोर उकिडवे बसले. "मग... तू काय केलंस?"

"मी म्हटलं, काका नसतील तर मी नाही बसत. तर एकानं हात धरला. मी सोडवून घेतला."

तिची आई आतून आली. चेहरा रात्रभर जागल्यासारखा. "काका, बघा ना जरा हिच्याकडे. कालपासून कितीदा फ्रॉक बदलला, सकाळी उन्हात उभी केली, इस्त्री फिरवली."

तिनं मुलीचा हात पुढे केला. अंगावरचा फ्रॉक कोरडा, कडक होता. फक्त उजवी बाही कोपरापर्यंत ओली होती, आणि तिच्या टोकातून गढूळ पाणी उंबऱ्यावर थेंब थेंब गळत होतं.